जट राखावी की काढावी?

चोर्ला घाट चढून बेळगावकडे निघाले की कणकुंबी लागते. कळसा कालव्याच्या वादामुळे हे गाव गोमंतकीयांच्या परिचयाचे झाले आहे. येथे माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा पुढे सौंदत्तीच्या परिसरात पोहोचते. तेथील डोंगरावर रेणुका-यल्लम्माचे देवस्थान आहे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रांना सीमाभागातून व दक्षिण महाराष्ट्रातून भाविक जातात. भंडाऱ्याने पिवळी झालेली जट डोक्यावर वागवणाऱ्या स्त्रिया त्या गर्दीत असतात.

भाविकांच्या लेखी जट हे देवीचे बोलावणे. म्हणून तिला कंगवा लावायचा नाही, कात्री तर नाहीच. हळद-कुंकू वाहायचे आणि पूजा करायची. ती कापल्यास देवीचा कोप होईल, घरातील कोणी दगावेल, ही भीती मोठी असते. पूर्वी मुलीच्या केसांत जट दिसणे हे तिला देवीला सोडण्याचे निमित्त ठरत असे. २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटातील सुलीची कथा इथूनच सुरू होते. कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने मुलींना देवदासी म्हणून सोडण्यास बंदी घातली. जटेची भीती मात्र कायद्याने जाणारी नव्हती.

वैद्यकीय कारण साधे आहे. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात. आजारपणात किंवा बाळंतपणात विंचरणे राहिले की गळालेले केस तेथेच अडकतात. तेल, घाम व धूळ यांनी गुंता घट्ट होतो. एकदा ‘जट आली’ असे ठरले की तो सोडवायचाच नाही, त्यामुळे तो वाढतच जातो. पुढे मान दुखणे, खाज, उवा, दुर्गंधी आणि झोपेचे हाल.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. पोलंडमध्येही अशी जट कापल्यास आजार उलटतो, असा समज होता. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे वैद्य युझेफ डिटल यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली.

हरमल-हणजूणच्या किनाऱ्यावर हौसेने जटा वळवून घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्या जटा नियमित धुवाव्या आणि पूर्ण वाळवाव्या लागतात. ओल राहिली तर कुबट वास येतो. शिवाय नको झाल्या तर काढता येतात. हौस आणि धाक यांतला फरक इथेच आहे.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षे जटनिर्मूलन करीत आले आहेत. कात्रीचे काम थोड्या वेळाचे; त्याआधी त्या स्त्रीशी, तिच्या सासरच्यांशी आणि कधी गावातल्या देवऋष्याशी बोलण्यात कितीतरी दिवस जातात. याउलट, अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लुसिंडा रँबर्ग यांनी उत्तर कर्नाटकातील जोगतिणींवरील आपल्या ग्रंथात सुधारकांनाच प्रश्न विचारले आहेत. जट कापताना त्या स्त्रीचे देवीशी असलेले नाते आणि समाजातले तिचे स्थानही कापले जाते, त्याचे काय?

प्रश्न रास्त आहे. पण मानेवरचे ओझे त्याने हलके होत नाही. जट काढावी, हेच आम्हाला योग्य वाटते. मात्र होकार त्या स्त्रीचा हवा, नवऱ्याचा किंवा सरपंचाचा नव्हे. आणि कापलेली जट हातात धरून तिच्यासह छायाचित्र काढण्याची घाईही नको. पुढच्या वर्षभरात घरात कोणी आजारी पडले तर बोल तिलाच लागणार आहे. त्या वेळी तिच्या दारात पुन्हा कोण जाणार, हे कात्री उचलण्याआधी ठरलेले असावे.