विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानाच्या आराखड्यात बदल, मंजुरी कुणाची?

अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात विमान कोसळून मृत्यू झाला. ‘लाँग-ईझी’ जातीचे हे विमान बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून एका हौशी माणसाने बांधले होते. डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते.

बदल काय होता?

कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे हे ठरवणारा व्हॉल्व्ह मूळ आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये आणायच्या नाहीत, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण व्हॉल्व्ह फिरवायला मागे वळावे लागे आणि वळताना उजवा पाय रडरच्या पेडलवर दाबला जाण्याची भीती असे. उड्डाणापूर्वी पकड लावून व्हॉल्व्हची मूठ लांबवून पाहिली, ते जमले नाही. इंधनही भरून घेतले नव्हते. अमेरिकी तपास यंत्रणेने अपघाताच्या कारणांत वैमानिकाच्या चुकांबरोबर व्हॉल्व्हच्या जागेचाही उल्लेख केला.

मग हा बदल कुणी मंजूर केला?

कुणीच नाही, कारण तिथे तशी मंजुरी लागत नाही. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौसेने, शिकण्यासाठी स्वतः बांधला असेल, तर ते ‘प्रायोगिक’ गटात मोडते. निरीक्षक विमान आणि कागदपत्रे तपासतो. आराखडा निर्दोष असल्याची हमी देत नाही. त्यानंतर ठरवून दिलेल्या हद्दीत, साधारण २५ किंवा ४० तास चाचणी उड्डाणे करायची. पुढे मोठा बदल केलाच, तर पुन्हा किमान ५ तास चाचणी आणि लॉगबुकात नोंद. धोका प्रवाशाला कळावा म्हणून आत तशी पाटी लावावी लागते.

ब्रिटनमध्ये वेगळे काय?

तिथे ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही हौशी वैमानिकांचीच संघटना सरकारी यंत्रणेच्या वतीने हे काम पाहते. मूळ आराखड्यापासून फारकत घ्यायची, तर आधी संघटनेच्या अभियंत्यांची मंजुरी. रेखाचित्रे द्या, भार किती पेलणार त्याचे गणित मांडा, वजनाचा तोल कुठे सरकतो ते दाखवा. वेळखाऊ प्रकार आहे, हे खरे. पण व्हॉल्व्ह खांद्यामागे का, हा प्रश्न इथे विमान उडण्याआधी विचारला जाण्याची शक्यता अधिक.

भारतात?

मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांनी तर आराखडाच स्वतःचा केला आणि कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. नोंदणीसाठी त्यांनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात हे विमान मांडले गेले. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना हाती आला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये.