वाडा की शेअर?

आमच्या लहानपणी कसब्यात पेन्शन म्हणजे सरकारी नोकरांची मिजास. तांबट आळीत भांडी घडवणाऱ्याला किंवा पेठेतल्या दुकानदाराला ती कोण देणार? त्याची पेन्शन म्हणजे वाडा. पुढच्या सोप्यात आपण राहावे, माडीवर आणि मागच्या चौकात चार बिऱ्हाडे ठेवावीत, हातपाय थकले की भाड्यावर दिवस काढावेत, असा साधा हिशेब. ‘वाडा कुठे पळून जातोय?’ असे वडीलधारी मंडळी म्हणत.

वाडा पळाला नाही. पळाली ती रुपयाची किंमत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. त्या टंचाईच्या काळात अनेक गरीब कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले, हे विसरता येत नाही. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षे राहिला.

मी बँकेत नवा लागलो तेव्हा आमच्या आळीतल्या एक काकू दरमहा भाडे जमा करायला येत. चार बिऱ्हाडांचे मिळून ऐंशी रुपये! पावसाळ्याआधी कौले चाळायची, तर वर्षाचे भाडे पुरत नसे. भाडेकरूंशी वैर नव्हते; सणाला ताटे इकडून तिकडे जात. पण स्वतःच्या वाड्यात राहून काकू औषधाचे पैसे भावाकडून आणत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये भाड्याची ही गोठवणूक अवाजवी ठरवली. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. ती चक्रवाढीने धरली, तरी २० रुपयांचे पंचवीस वर्षांत ५३ होतात. त्यात आज दोघांचा धड नाश्ताही होत नाही.

मग शेअर बरे? १९७८-७९ मध्ये १०० धरलेला मुंबईचा निर्देशांक सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांवर गेला. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण मधली वर्षे पाहा. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या दिवसांत, तो ४,४०० च्या वर होता. एप्रिल २००३ मध्ये तीन हजारांच्या खाली. १९९२ मध्ये निवृत्त होऊन सगळा फंड बाजारात घातलेल्या माणसाने ही अकरा वर्षे काय खायचे?

म्हणून ‘कशात जास्त वाढते?’ हा तरुणाचा प्रश्न झाला. साठीनंतरचे प्रश्न तीन: दरमहा हातात काय येईल? ते महागाईबरोबर वाढेल का? आणि अडीनडीला थोडेसेच विकता येईल का? दहा शेअर विकता येतात. फ्लॅटचे स्वयंपाकघर तेवढे विकता येत नाही. आणि वाड्याच्या उताऱ्यावर चार भावांची नावे असली, तर सह्या गोळा करण्यात हयात जाते. आजच्या फ्लॅटचे भाडेही बहुधा किमतीच्या दोन-तीन टक्केच. त्यातून सोसायटीचा खर्च, रंगरंगोटी आणि अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू शोधण्याची दगदग वजा करा.

माझे मत असे. राहते घर गुंतवणुकीत मोजू नये. चार-पाच वर्षांचा घरखर्च बँकेत आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवावा, म्हणजे बाजार कोसळला तरी पडत्या भावात विकण्याची वेळ येत नाही. उरलेल्यातला काही भाग निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडात शांतपणे वाढू द्यावा. दुसरी जागा आधीच असेल आणि तिच्याकडे पाहणारे कोणी असेल, तर भाडे जरूर घ्यावे. पण केवळ म्हातारपणासाठी कर्ज काढून ती घेऊ नये.

आणि वाडा असो की शेअर, कागद कुठे आहेत हे बायकोला ठाऊक असावे. कारण म्हातारपणाचा शेवटचा हिशेब बहुतेक घरांत तिलाच एकटीने करावा लागतो.