प्रयोगशाळेतील उंदरांचे सामूहिक पालन

प्रयोगशाळेतील उंदरांचे सामूहिक पालन म्हणजे संशोधनासाठी वाढवलेल्या उंदरांना एकेकटे न ठेवता दोन किंवा अधिक संख्येने एकाच पिंजऱ्यात ठेवण्याची पद्धत होय. उंदीर हा समूहाने राहणारा प्राणी असल्यामुळे बहुतेक देशांतील मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ही पद्धत सर्वसाधारण नियम मानली जाते आणि एकट्याने ठेवणे हा अपवाद मानला जातो. मात्र कोणते उंदीर, किती संख्येने आणि कोणत्या वयात एकत्र ठेवावेत यावर प्राण्यांचे स्वास्थ्य तसेच प्रयोगाच्या निष्कर्षांची विश्वासार्हता अवलंबून असते.

मराठीत 'उंदीर' हा शब्द लहान आणि मोठ्या अशा दोन्ही जातींसाठी वापरला जातो. प्रस्तुत लेख इंग्रजीत 'माऊस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान उंदराविषयी आहे. 'रॅट' या मोठ्या उंदराचे सामाजिक वर्तन वेगळे असून त्याच्या पालनाचे नियमही वेगळे आहेत.

पार्श्वभूमी

प्रयोगशाळेतील उंदीर हे घरउंदराचे (शास्त्रीय नाव: मुस मुस्क्युलस) वंशज आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲबी लॅथ्रॉप या विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी लोकांसाठी उंदरांची पैदास करत असत. त्यांच्याकडील उंदीर संशोधकांपर्यंत पोहोचले. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ मध्ये डीबीए हा पहिला अंतःप्रजनित वंश तयार करण्यास सुरुवात केली आणि १९२१ मध्ये सी५७बीएल हा वंश विकसित केला. आज सर्वाधिक वापरला जाणारा सी५७बीएल/६ हा वंश त्यातूनच आला आहे.

शंभराहून अधिक वर्षांच्या पैदाशीनंतरही या उंदरांचे मूळ सामाजिक वर्तन टिकून आहे. निसर्गात साधारणतः एक वर्चस्व असलेला नर, काही माद्या आणि त्यांची पिल्ले एका हद्दीत राहतात. नर मूत्राच्या खुणांनी हद्द आखतो आणि परक्या नरांना हुसकावून लावतो. पराभूत नर तेथून निघून जाऊ शकतो. पिंजऱ्यात मात्र त्याला पळून जाण्यास जागा नसते. सामूहिक पालनातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

एकत्र ठेवण्याचे फायदे

उंदीर एकमेकांना चिकटून झोपतात, एकमेकांचे अंग साफ करतात आणि एकत्रितपणे घरटे बांधतात. चिकटून झोपण्याचा संबंध शरीराच्या तापमानाशी आहे. उंदराला ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा खर्च करावी लागू नये असे तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअस असते. प्रयोगशाळेतील खोल्या मात्र सामान्यतः २० ते २६ अंशांवर ठेवल्या जातात. त्यामुळे एकटा उंदीर बराच काळ सौम्य थंडी सोसत असतो, तर समूहातील उंदीर परस्परांच्या उबेमुळे ती कमी करू शकतात. घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या किंवा तत्सम साहित्य पुरेसे दिल्यासही थंडीचा त्रास कमी होतो.

माद्या सामान्यतः शांततेने एकत्र राहतात. एकत्र ठेवलेल्या माद्या अनेकदा पिल्ले एकाच घरट्यात आणतात आणि एकमेकींच्या पिल्लांनाही दूध पाजतात.

नरांमधील आक्रमकता

नरांच्या मारामाऱ्या ही सामूहिक पालनातील सर्वांत गंभीर समस्या आहे. चाव्यांच्या जखमा प्रामुख्याने पाठ, शेपटी आणि जननेंद्रियांच्या भागात आढळतात. वेळीच लक्ष न दिल्यास जखमा चिघळतात आणि प्राणी मरण्याची किंवा त्याला दयामरण द्यावे लागण्याची वेळ येते. ही प्रवृत्ती वंशानुसार बदलते. बाल्ब/सी, एफव्हीबी आणि एसजेएल या वंशांचे नर सी५७बीएल/६ च्या तुलनेत अधिक भांडखोर समजले जातात.

आक्रमकता कमी करण्यासाठी पुढील उपाय केले जातात:

• एकाच वेतातील नरांना दूध तोडल्यापासून एकत्र ठेवणे आणि पुढे तो गट न बदलणे.
• अनोळखी प्रौढ नरांना एकत्र न आणणे.
• माद्यांसोबत प्रजननासाठी ठेवलेल्या नराला पुन्हा नरांच्या गटात न सोडणे.
• नरांचे गट लहान ठेवणे; अनेक अभ्यासक तीन नरांचा गट सुचवतात.
• जखमी उंदरापुरते न पाहता हल्ला करणारा उंदीर ओळखून त्याला वेगळे करणे.

पिंजरा बदलल्यानंतर मारामाऱ्या वाढतात, कारण ओळखीच्या गंधखुणा नाहीशा होतात. नेदरलँड्समधील युट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की जुन्या घरट्याचे साहित्य नव्या पिंजऱ्यात ठेवल्यास आक्रमकता घटते. मात्र मूत्राने भिजलेला जुना भुसा ठेवल्यास ती वाढते. त्यामुळे घरटे हलवावे आणि भुसा टाकून द्यावा, अशी पद्धत रूढ झाली आहे.

मिशा उपटण्याचे वर्तन

काही पिंजऱ्यांत एक उंदीर सोबत्यांच्या मिशा आणि अंगावरचे केस उपटतो. केस गेलेल्या जागी सहसा जखम नसते, त्यामुळे हा प्रकार मारामारीपासून वेगळा ओळखता येतो. पिंजऱ्यात ज्या एकाच उंदराच्या मिशा शाबूत असतात, तोच बहुधा हे करणारा असतो. मिशा हे उंदराचे स्पर्शेंद्रिय असल्याने अशा प्राण्यांवर केलेल्या वर्तनविषयक चाचण्यांचे निष्कर्ष बदलू शकतात.

गंध आणि प्रजनन

पिंजऱ्यातील सोबत्यांचा परिणाम माद्यांच्या मदचक्रावर होतो. यासंबंधीचे तीन परिणाम त्यांच्या शोधकांच्या नावांनी ओळखले जातात.

• ली-बूट परिणाम (१९५५): नराचा गंध नसताना एकत्र ठेवलेल्या माद्यांचे मदचक्र लांबते किंवा थांबते.
• व्हिटन परिणाम (१९५६): अशा माद्यांना नराच्या मूत्राचा गंध मिळाल्यास त्यांचे मदचक्र पुन्हा सुरू होते आणि अनेक माद्या साधारण तिसऱ्या दिवशी एकाच वेळी माजावर येतात.
• ब्रूस परिणाम (१९५९): नुकत्याच फळलेल्या मादीला परक्या नराचा गंध आल्यास गर्भ रुजत नाही आणि गर्भधारणा खंडित होते.

प्रजननगृहात एकाच दिवशी अनेक माद्या फळवण्यासाठी व्हिटन परिणामाचा उपयोग केला जातो. ब्रूस परिणामामुळे नुकत्याच फळलेल्या मादीजवळ नवा नर आणणे टाळतात.

पिल्लांचे दूध साधारणपणे २१ व्या दिवशी तोडून नर-मादी वेगळे केले जातात. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतील अंतर नरांमध्ये अधिक असते, त्यावरून लिंग ओळखतात. ओळखण्यात चूक झाल्यास अनपेक्षित पिल्ले जन्मतात आणि चालू प्रयोग बाद करावा लागतो.

जागेची मानके

युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार पिंजऱ्याचे क्षेत्रफळ किमान ३३० चौरस सेंटिमीटर आणि उंची किमान १२ सेंटिमीटर असावी लागते. २० ग्रॅमपर्यंतच्या उंदराला ६०, २० ते २५ ग्रॅमच्या उंदराला ७०, २५ ते ३० ग्रॅमच्या उंदराला ८० आणि त्याहून जड उंदराला १०० चौरस सेंटिमीटर जागा आवश्यक मानली आहे. अमेरिकेतील मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आठव्या आवृत्तीत २५ ग्रॅमहून जड उंदरासाठी सुमारे ९७ चौरस सेंटिमीटर जागा सुचवली आहे. एका पिंजऱ्यात पाच प्रौढ उंदीर हा तेथील प्रचलित आकडा या हिशेबातून आला आहे.

भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतात. त्याखालील १९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांची पैदास किंवा त्यांच्यावर प्रयोग करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते. उंदरांवरील प्रयोगांच्या प्रस्तावांची छाननी संस्थेची प्राणी नीतिशास्त्र समिती करते.

अतिगर्दीचा प्रश्न

जॉन कॅल्हून यांनी अमेरिकेत १९६८ मध्ये 'युनिव्हर्स २५' हा प्रयोग सुरू केला. उंदरांच्या चार जोड्यांना एका मोठ्या बंदिस्त जागेत मुबलक अन्नपाणी देण्यात आले. त्यांची संख्या सुमारे २,२०० पर्यंत वाढली. त्यानंतर पिल्लांची हेळसांड, आक्रमकता आणि समूहापासून अलिप्तता वाढत जाऊन प्रजनन थांबले. हा प्रयोग मानवी शहरांचे रूपक म्हणून वारंवार सांगितला जातो. तथापि त्यावरून माणसांविषयी थेट निष्कर्ष काढण्यावर टीका झाली आहे.

संशोधनावरील परिणाम

एका पिंजऱ्यातील उंदीर परस्परांची विष्ठा खातात, त्यामुळे त्यांच्या आतड्यांतील जीवाणू कालांतराने सारखे होतात. समजा, औषध दिलेले सर्व उंदीर एका पिंजऱ्यात आणि न दिलेले सर्व दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवले. अशा वेळी दिसलेला फरक औषधामुळे आहे की पिंजऱ्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक गटासाठी अनेक पिंजरे वापरतात, किंवा शक्य असल्यास दोन्ही गटांचे उंदीर एकाच पिंजऱ्यात मिसळून ठेवतात आणि सांख्यिकीय विश्लेषणात पिंजरा हा घटक विचारात घेतात.

सामाजिक स्थानामुळेही फरक पडतो. वर्चस्व असलेल्या आणि दबलेल्या नरांमध्ये संप्रेरकांचे प्रमाण वेगळे असू शकते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या २००६ मधील अभ्यासात, परिचित सोबत्याला वेदना होताना पाहणाऱ्या उंदराची स्वतःची वेदना-प्रतिक्रियाही वाढल्याचे आढळले. अनोळखी उंदराच्या बाबतीत तसे झाले नाही.

एकट्याने ठेवण्याचे अपवाद

वारंवार हल्ले करणारे नर, तसेच ज्यांच्या शरीरावर उपकरण बसवले आहे किंवा ज्यांचे अन्नसेवन स्वतंत्रपणे मोजायचे आहे असे उंदीर वेगळे ठेवले जातात. अशा वेळी कारणाची नोंद करणे, काळ शक्य तितका कमी ठेवणे आणि घरट्याचे साहित्य वाढवून देणे अपेक्षित असते. दीर्घकाळ एकटे ठेवलेल्या उंदरांच्या वर्तनात बदल झाल्याचे अनेक अभ्यासांत नोंदवले आहे. तथापि सतत मार खाणाऱ्या नरासाठी समूह की एकांत, यांपैकी कमी त्रासदायक काय, याबाबत संशोधकांत एकमत नाही.