दुखणं उतरतं, आजार उतरत नाही

औषधाच्या दुकानात संधिवाताचा पेशंट चिठ्ठी दाखवायच्या आधीच ओळखू येतो. सुटे परत दिले की नाणं त्याच्या चिमटीत येत नाही. तो ते बोटाने काउंटरच्या काठापर्यंत ओढत आणतो आणि खाली धरलेल्या तळहातावर पाडतो. गोळ्यांची पट्टी हातात पडली की विचारतो, "ताई, सुट्ट्या काढून डबीत घालून द्याल का? अंगठ्याने दाबवत नाही." मला हे लगेच कळतं, कारण माझेही हात तसेच आहेत. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत, मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी राहते, आणि बरीच वर्षं रुमेटॉइड आर्थ्रायटिसची पेशंटही आहे.

अलीकडे याच लोकांकडून आवाज खाली आणून एक प्रश्न येतो: "ते भांगेचं तेल येतं का हो तुमच्याकडे?" विचारणारे कोण? बारा बंगल्याकडे राहणारे निवृत्त गृहस्थ, बर्फात हात घालून मासळी विकणारी चेंदणी कोळीवाड्यातली मावशी, कॉलनीतल्या सिंधी काकू. यांपैकी कुणालाही नशा करायची नाही. त्यांना रात्री झोपायचं आहे. दुकानात गर्दी असते, मागे कुणी ना कुणी उभं असतं, त्यामुळे तिथे धड उत्तर देता येत नाही. ते इथे देते.

आधी आजाराविषयी. आपली रोगप्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी असते. काही माणसांत ती आपल्याच अवयवांना परकं समजते; अशा आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. रुमेटॉइडमध्ये सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं आणि ती सूज हळूहळू कूर्चा आणि हाड पोखरते. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण जातं, क्रोन्समध्ये आतडं सोलवटतं. सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते परत भरून येत नाही. म्हणून सुरुवातीच्या काळात मेथोट्रेक्सेटसारखं औषध नीट घेणं फार महत्त्वाचं असतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. त्यामुळे प्रत्येक पाकिटावर मी वार ठळक अक्षरांत लिहून देते आणि पेशंटकडून तो वदवून घेते.

औषधं लागू पडली तरी काही उरतंच. रिपोर्टमध्ये सूज दाखवणारा सीआरपी खाली आलेला असतो, डॉक्टर समाधानाने मान हलवतात, आणि पहाटे तीनला खांद्यातून कळ येऊन माणूस उठून बसलेला असतो. ओपीडीच्या रांगेत जी दोन-चार मिनिटं वाट्याला येतात, त्यात रक्ताचे आकडे बघून होतात, झोपेचं विचारायचं राहून जातं. पेनकिलर रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं बोलू लागतात. भांगेच्या तेलाची जाहिरात नेमकी या उरलेल्या दुखण्याला हात घालते. त्या माणसांना भोळं म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. त्यांची गरज खरी आहे.

आणि या झाडाचा संधिवाताशी संबंध काही आजचा नाही. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी नावाचे आयरिश डॉक्टर होते. ६ नोव्हेंबर १८३८ रोजी त्यांनी संधिवाताच्या तीन रुग्णांना भांगेच्या झाडाच्या राळेचा एकेक ग्रेन, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, दुपारी दोन वाजता दिला. चारच्या सुमारास त्यांपैकी एक जण भरभरून बोलू लागला, गाणी म्हणू लागला, जास्तीचं जेवण मागू लागला, आपण ठणठणीत बरे आहोत असं सांगू लागला. रात्री आठला तोच रुग्ण बेशुद्धासारखा पडला होता. त्याचा हात उचलून जसा ठेवावा तसाच हवेत राहत होता. बाकीच्या दोघांवर त्या वेळेपर्यंत असा काही परिणाम दिसला नव्हता. ही नोंद मला फार मोलाची वाटते. एकच औषध, एकच मात्रा, एकच आजार, आणि एक माणूस गातो, दुसऱ्याला पत्ताही नाही. भांगेची मात्रा ठरवणं आजही अवघड आहे ते याच कारणाने.

आयुर्वेदात ही वनस्पती भंगा किंवा विजया या नावाने येते. जातिफलादि चूर्णासारख्या जुन्या पाठांत ती घटक म्हणून आहे. आजच्या कायद्यातही तिला जागा आहे. औषध नियम १९४५ मधल्या 'ई-१' या परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. बचनाग, धोत्रा, कुचला, बिब्बा यांच्या रांगेत भांगही आहे, बिया सोडून. पोटात घ्यायच्या औषधात यातलं द्रव्य असेल, तर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असा इशारा लेबलवर छापावा लागतो. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही यादी सांगते.

हे झाड शरीरात नेमकं काय करतं, ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९६४ साली इस्रायलमध्ये राफेल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारा घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. दुसरा मोठा घटक सीबीडी, त्याने तशी नशा होत नाही. पुढे १९९० आणि १९९३ मध्ये हे घटक शरीरात जिथे चिकटतात त्या दोन जागा ओळखल्या गेल्या. पहिली मुख्यतः मेंदूत आणि मज्जातंतूंत सापडते, तर दुसरी मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींवर. ऑटोइम्यून आजारांविषयीची सगळी आशा या दुसऱ्या जागेपासून सुरू झाली. २००० साली लंडनच्या संशोधकांनी संधिवात झालेल्या उंदरांना सीबीडी दिलं, तेव्हा त्यांच्या सांध्यांची हानी कमी झालेली दिसली.

पण उंदरात दिसलं ते माणसात दिसेलच असं नाही. रुमेटॉइडच्या माणसांवरचा पहिला नियंत्रित प्रयोग २००६ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला. ५८ रुग्ण, पाच आठवडे. काहींना टीएचसी आणि सीबीडी असलेला तोंडात मारायचा फवारा, काहींना नुसताच फवारा. सगळ्यांची नेहमीची औषधं चालूच होती. ज्यांना खरा फवारा मिळाला त्यांचं हालचाल करतानाचं दुखणं कमी झालं, स्वस्थ बसलेलं असतानाचंही कमी झालं, झोप सुधारली. सकाळचा आखडलेपणा मात्र होता तसाच राहिला. प्रयोग छोटा होता, मुदत थोडी होती, तरी त्यातली ही शेवटची ओळ विसरू नये. सकाळी उठल्यावर मूठ न वळणं ही रुमेटॉइडची खूण, आणि ती हलली नाही.

क्रोन्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. इस्रायलमधला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ५६ रुग्ण, आठ आठवडे, सीबीडी जास्त असलेलं तेल. रुग्णांना बरं वाटलं, त्रास कमी झाला, रोजचं जगणं सुधारलं. पण दुर्बिणीने आतडं तपासलं तेव्हा आतली सूज, आतले व्रण यांच्यात तसा फरक सापडला नाही. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मी दुकानातही पुन्हा पुन्हा सांगते. दुखणं कमी होणं वेगळं आणि आजार थांबणं वेगळं. दुखणं कमी झालं तर तेही पुष्कळ आहे. कुणाला सलग चार तास झोप मिळत असेल तर त्याची किंमत मला विचारा. पण दुखत नाही म्हणून मेथोट्रेक्सेट बंद केलं, तर सांधा आतून झिजत राहतो आणि आता तो ओरडूनही सांगत नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये पाय ताठरण्याविषयी. तोच फवारा ब्रिटनमध्ये २०१० साली त्यासाठी मंजूर झाला. माझी नणंद कॅनडात असते, तिला हा आजार आहे. तिथे २००१ पासून डॉक्टरांच्या कागदावर वैद्यकीय गांजा मिळतो. ती म्हणते, "रात्री पाय हलके होतात गं, पण एमआरआय आणि इंजेक्शन काही चुकत नाही." तिकडे भांग मोकळी झाली म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मूळ उपचार सोडले नाहीत. उलट कॅनडाच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं की संधिवाताच्या आजारांसाठी पुरावा अजून तोकडा आहे. नुसत्या सीबीडीचं तर आणखी वेगळं. डेन्मार्कमध्ये सोरायटिक आर्थ्रायटिस आणि हातांच्या झिजेच्या १३६ रुग्णांना सीबीडीच्या गोळ्या देऊन पाहिल्या, आणि नुसत्या साखरी गोळीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत.

आता आपल्याकडचा कायदा, कारण आवाज खाली येतो तो त्याच्यामुळे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस. हे बाळगणं गुन्हा आहे. थोडं असलं तरी, दुखण्यासाठी असलं तरी. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत, त्यामुळे भांगेचा विषय राज्यांच्या कायद्यांकडे येतो. उत्तर प्रदेश, राजस्थानात सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, परवान्याशिवाय ती करणं, विकणं, बाळगणं चालत नाही. पानांच्या अर्कापासून परवानाधारक आयुर्वेदिक कंपनीने केलेलं औषध वैद्याच्या चिठ्ठीवर घेणं हा सरळ मार्ग आहे. स्टेशनबाहेर कुणी कागदात बांधून देतं ते 'औषध' नव्हे. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

बाजारात तिसरी एक गोष्ट याच झाडाचं पान छापून विकली जाते, आणि लोकांचे पैसे तिथे सर्वांत जास्त जातात. हेम्प सीड ऑइल, म्हणजे बियांचं तेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने त्याला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, टीएचसीची कडक मर्यादा घालून. बियांत औषधी घटक नावालाच असतात. जवसासारखं ते एक चांगलं खाद्यतेल आहे, एवढंच. त्याने सांधे बरे होतील असं कुणी सांगितलं तर बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. 'बीज' आणि 'पत्र' यांत किमतीचा नाही, कामाचा फरक आहे.

मी स्वतः विजयाचे थेंब घेऊन पाहिले आहेत. परळच्या माझ्या संधिवाततज्ज्ञांना आधी सांगितलं, लिव्हरच्या तपासण्या करून घेतल्या, मग वैद्यांची चिठ्ठी घेतली. सीबीडी जास्त मात्रेत लिव्हरवर ताण आणू शकतं, मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइडही आणतात, म्हणून तपासणीला पर्याय नव्हता. झोप लागली, हे खरं. कूस बदलताना जाग येणं थांबलं. पण सकाळी चहाचं पातेलं सांडशीने उचलताना मनगट होतं तसंच. शिवाय दुपारपर्यंत डोक्यावर जडपणा राहायचा, आणि माझ्या कामात एक शून्य चुकीचं वाचलं तर दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. म्हणून मी थांबवले. घरी असणाऱ्या एखाद्या बाईला तोच जडपणा चालेल, आणि तिने घेतले तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

काहींना मात्र मी आधीच सावध करते. हृदयाचे ठोके अनियमित असलेले, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या, तोल जाऊन पडणारी वृद्ध माणसं, गाडी चालवणारे. ल्युपस या ऑटोइम्यून आजाराने मूत्रपिंड धरलेल्या काही जणांना टॅक्रोलिमस चालू असतं. सीबीडीमुळे त्याची रक्तातली पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचंही तसंच. हे वैद्यांना कळायचं तर चालू औषधांची यादी त्यांच्यासमोर हवी, आणि अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना कळायचं तर थेंबांची बाटली त्यांच्या टेबलावर हवी. घडतं उलटंच. पेशंट दोन पिशव्या घेऊन फिरतो आणि एकीतलं दुसरीकडे सांगत नाही, कारण एकीकडे ओरडा बसेल आणि दुसरीकडे हसतील अशी भीती असते.

आपल्या देशात भांग हजारो वर्षं आहे, संधिवाताचे पेशंट लाखोंनी आहेत, आणि तरीही आपल्या लोकांवर, आपल्या पानांच्या अर्कावर, मेथोट्रेक्सेट चालू ठेवून केलेला मोठा प्रयोग मला औषधाच्या निवडीसाठी हाताशी मिळत नाही. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भांगेला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादीतून काढलं, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं होतं. मत दिलं, आता अभ्यासही करावा. मुंबई-ठाण्यात संधिवाताच्या ओपीडी आहेत, आयुर्वेदाची महाविद्यालयं आहेत, आणि प्रयोगात नाव द्यायला आमच्यासारखे पेशंट तयार आहेत.

तोवर माझ्या काउंटरवर मी एक पद्धत ठेवली आहे. विजयाची चिठ्ठी आली की पेशंटला विचारते, दुसरं काय चालू आहे, आणि त्याच्या परवानगीने ते त्या चिठ्ठीच्या मागे लिहून देते. मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीमागे थेंबांचं नाव आणि मात्रा लिहिते. दोन्हीकडे दाखवा, असं सांगते. काही जण चिडतात. बरेच जण कागद घडी करून पाकिटात ठेवतात.