गुणवत्तेचा प्रश्न नव्हे, एकटे पाडण्याचा!

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या ताणाची चर्चा निघाली की परीक्षा, स्पर्धा आणि मोबाईल यांच्यावर बोट ठेवले जाते. ही कारणे खोटी नाहीत. पण खेड्यातून, वस्तीतून शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींचा एकटेपणा त्यात मावत नाही. प्रवेश होताच त्यांना विचारले जाते, 'तुझी रँक किती?' विचारणाऱ्याला गुण नको असतात, जात हवी असते. मग मुलगा आडनाव सांगायचे टाळतो, मेसमध्ये कोपरा धरतो. शिष्यवृत्ती रखडली तरी घरी 'बरं चाललंय' म्हणतो. घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला. सांगणार तरी कोणाला?

हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 रोजी आपल्यातून गेला. त्याआधी त्याची फेलोशिप थांबली होती, वसतिगृहातून त्याला बाहेर काढले होते. मुंबईत डॉ. पायल तडवी 22 मे 2019 रोजी गेली. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून छळतात, अशी तिच्या घरच्यांची तक्रार होती. अशा मुलांना 'कमकुवत मनाची' ठरवले की संस्था मोकळ्या होतात! या दोघांच्या माता 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या हे मोकळे होणे थांबवण्यासाठीच.

यूजीसीने 2012 च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक नेमण्याचा आदेश दिला. आदेश स्वागतार्ह आहे. परंतु जातीचा अपमान ज्याला कळत नाही, तो समुपदेशक 'मन खंबीर कर' यापलीकडे काय सांगणार? मन खंबीर करायचे आणि अपमान तसाच चालू ठेवायचा, हा कुठला न्याय?

बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. शिकणाऱ्या मुलाला पुस्तकाइतकीच निवाऱ्याची आणि सोबतीची गरज असते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आज नोकरीत स्थिरावलेल्या आपल्यापैकी किती जण शेजारच्या वसतिगृहात फिरकतात? विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ नव्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा. फी कशी भरली, जेवतोस कुठे, कोणी काही बोलले का, हे विचारा. अपमान झाला असेल तर लेखी तक्रार द्यायला लावा, तिची पोच घ्या आणि सोबत जा. मन फारच खचले असेल तर त्याला एकटे सोडू नका. 14416 या सरकारी 'टेली मानस' क्रमांकावर मोफत बोलता येते.

जयंतीला वर्गणी देणारा समाज एवढे नक्कीच करू शकतो.