गावातला शेंदूर लावलेला दगड दहावीच्या मुलांना इतिहास शिकवू शकतो का?

सुट्टीत गावी गेलात की एक गोष्ट हमखास दिसते. मारुतीच्या देवळाबाहेर, पारावर किंवा वेशीजवळ उभा असलेला एक दगड. त्यावर माणसं कोरलेली आणि वरून शेंदराचे थर. कुणी सांगतं, पांडवांनी एका रात्रीत ठेवला. कुणी सांगतं, जुना देव आहे. बऱ्याचदा तो असतो वीरगळ.

आता गंमत बघा. राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘ऐतिहासिक ठेव्याचे जतन’ असा आख्खा धडा आहे. मुलं त्याची प्रश्नोत्तरं पाठ करतात. खरा ठेवा मात्र शाळेपासून पाच मिनिटांवर असतो आणि तिथे कुणी जात नाही.

वीरगळ वाचायचा कसा?

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत मेलेला वीर किंवा लढाई दिसते. तिथे गाई कोरल्या असतील, तर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो गेला असं समजतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहील.

म्हणजे एका दगडात शस्त्रं, कपडे, केशरचना, धर्मकल्पना आणि त्या काळातली संपत्ती, म्हणजे गुरं, एवढं सगळं सापडतं. शिवाय हा इतिहास राजाचा असेलच असं नाही. गावासाठी लढलेल्या साध्या माणसाचाही असू शकतो.

हे फक्त खेड्यातच असतं का?

अजिबात नाही. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला वीरगळ आहेत आणि त्यांवर चक्क वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. तेराव्या शतकात यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या युद्धाशी अनेक अभ्यासक ती जोडतात. मुंबईतल्या नववीच्या वर्गाला यापेक्षा जवळचं आरमार कुठे मिळणार?

वर्गात नेमकं करायचं काय?

खर्च जवळपास शून्य आहे. मुलांनी दगडाची उंची-रुंदी मोजायची, चित्र काढायचं, फोटो घ्यायचे. झिजलेलं कोरीवकाम नीट दिसत नसेल, तर संध्याकाळी बाजूने टॉर्च मारायचा. सावली पडली की आकृत्या उठून दिसतात. मग घरातल्या आजी-आजोबांना विचारायचं, ‘या दगडाबद्दल तुम्ही काय ऐकलंय?’

खरा धडा इथून पुढे सुरू होतो. आजी एक गोष्ट सांगते, सरपंच दुसरी सांगतात आणि दगडावर तिसरंच काही दिसतं. यातलं कशाला पुरावा आहे आणि काय ऐकीव आहे, हे मुलांनी ठरवायचं. ही सवय एकदा लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘खरा इतिहास’ फॉरवर्ड करण्याआधीही हात थांबतो.

अर्थात, ऐकीव गोष्ट निकामी नसते. दगड तेराव्या शतकात कुणी बसवला हे आजीला माहीत नसेल, पण गावाने त्याला देव का मानलं हे तीच सांगू शकते.

सगळा वारसा अभिमानाचाच असतो का?

नाही, आणि तेही शिकवायला हवं. वीरगळाशेजारी कधी कधी सतीशिळा असते. तिच्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो. तिला नमस्कार करून पुढे जाणं सोपं आहे. सती गेलेल्या त्या बाईचं काय झालं, हे विचारणं अवघड. १८२९ मध्ये कंपनी सरकारने सतीबंदी का केली, हा पुस्तकातला मुद्दा या दगडासमोर उभं राहिल्यावर वेगळाच कळतो.

दुसरी काळजी जातीची. ‘हा वीर आमचाच’ असे दावे होऊ शकतात. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नसतं, त्यामुळे नाव माहीत नाही असं वहीत लिहिणं हेच प्रामाणिक उत्तर ठरतं.

मग शाळा हे करत का नाहीत?

इतिहास आणि राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. पोर्शन संपवायची घाई, शाळाबाहेर मुलं नेण्याची जबाबदारी आणि दगड कसा वाचायचा याचं शिक्षकांना न मिळालेलं प्रशिक्षण, ही खरी कारणं आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० स्थानिक संदर्भांवर भर देतं, पण वेळापत्रकात तास मिळाला तरच त्याचा उपयोग.

इकडे दगड थांबत नाहीत. रस्ता रुंद होताना ते ढिगाऱ्यात जातात, देवळाच्या जीर्णोद्धारात पायरीला लागतात, कुणी हौसेने ऑइल पेंट मारतं. आपल्या वारशाचं जतन करणं हे संविधानाच्या कलम ५१ क नुसार प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. पण ओळखच नसेल तर जतन कोण करणार?

म्हणून पुढच्या वेळी गावी गेलात, तर त्या दगडासमोर दोन मिनिटं थांबा. घासू नका, हलवू नका, रंगवू नका. फोटो काढा आणि गावच्या शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना पाठवा. पुढच्या आठवड्याचा एक तास कदाचित तिथेच भरेल.