डायना पुंडोले : पुण्याची राष्ट्रीय विजेती

आमच्या निरवांगी गावाजवळचं वालचंदनगर साखर आणि यंत्रं या दोन्हींसाठी ओळखलं जातं. ते वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी काढली. तिच्या फियाट गाड्या पुढे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळाल्या. मोटारीशी आपल्या मुलखाचं नातं एवढं जुनं आहे. तरीही राष्ट्रीय कार शर्यतीचं विजेतेपद एका भारतीय स्त्रीकडे यायला २०२४ साल उजाडावं लागलं. ती स्त्री म्हणजे पुण्याची डायना पुंडोले.

विजेतेपद नेमकं कसलं?

एमआरएफ राष्ट्रीय कार शर्यत स्पर्धेतल्या सलून गटात ती अजिंक्य ठरली. घरातून बाजारात जाते तशी चार दारांची गाडी शर्यतीसाठी आतून रिकामी केली जाते, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवून मजबूत केली जाते. सलून गट अशा गाड्यांचा. सगळ्यांकडे एकाच बनावटीची गाडी असल्यामुळे फरक पडतो तो चालवणाऱ्याच्या हाताचा आणि डोक्याचा.

हा गट स्त्रियांसाठी राखीव नव्हता. रांगेत तिच्या पुढेमागे पुरुष होते. एखादी फेरी जिंकून हे पद मिळत नाही, हंगामभराच्या शर्यतींचे गुण मोजले जातात. म्हणूनच हे यश मला फार मोठं वाटतं. योगायोगाने एखादा दिवस साधतो, सबंध हंगाम साधत नाही.

गाडीत बसल्यावर

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईची धावपट्टी सुमारे ३.७ किलोमीटरची आहे आणि तिला बारा वळणं आहेत. सरळ रस्त्यावर पाय दाबून ठेवणं कोणालाही जमतं. शर्यत ठरते ती वळणाआधी ब्रेक किती उशिरा लावला आणि वळणातून बाहेर पडताना वेग किती लवकर पकडला यावर. ब्रेक जरा लवकर लागला तर मागचा पुढे जातो, जरा उशिरा लागला तर गाडी पट्टीबाहेर.

त्यात अंगावर न पेटणारा जाड पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण आणि बंद गाडीत चेन्नईचं ऊन. दर वळणाला मान बाजूला ओढली जाते. मानेची, हातांची, दमाची ताकद लागतेच, पण ती सरावाने कमावता येते. स्त्रीचं शरीर या खेळाला पुरणार नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही.

अडतं कुठे?

पैसा आणि जागा. गाडी, टायर, इंधन, मेकॅनिक, प्रवास, मोडतोड, सगळ्याचा खर्च प्रायोजक मिळेपर्यंत घरावर पडतो. राष्ट्रीय कार शर्यती मुख्यतः चेन्नई आणि कोइम्बतूरला होतात. पुण्याहून चेन्नई बाराशे किलोमीटरच्या आसपास. सरावासाठीही तिकडेच जायचं. डायनाचं पाऊल या खेळात पडलं ते २०१८ मध्ये महिला चालक शोधण्यासाठी जेके टायरने घेतलेल्या निवड कार्यक्रमातून. शिक्षिकेचं काम आणि आईपण सांभाळत तिने पुढची वाट काढली. मुलींना पहिल्यांदा गाडीत बसवणारी अशी दारं हवीत, आणि ती महाराष्ट्रातही उघडायला हवीत. ट्रॅक्टर सफाईने मागे घेणाऱ्या मुली आपल्या तालुक्यात आहेत.

तिच्या आधीच्या

इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिपिस १९५८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरल्या. त्याच देशाच्या लेला लोम्बार्डी यांनी १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये सहावा क्रमांक घेतला. ती शर्यत मध्येच थांबवल्यामुळे त्यांना अर्धाच गुण मिळाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारी दुसरी स्त्री आजवर झालेली नाही. अमेरिकेच्या डॅनिका पॅट्रिक यांनी २००८ मध्ये जपानमधल्या मोटेगी इथे इंडीकार शर्यत जिंकली. त्या मालिकेतला स्त्रीचा तो पहिला विजय.

इटिऑसपासून फेरारीपर्यंत

राष्ट्रीय सलून गटात डायना टोयोटा इटिऑस चालवायची. २०२५ मध्ये आखाती देशांतल्या फेरारी मालिकेसाठी तिचं नाव जाहीर झालं. गाडी फेरारी २९६ चॅलेंज, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद ७०० अश्वशक्ती. इटिऑसमध्ये शिकलेला ब्रेकचा अंदाज इथे नव्याने बसवावा लागतो, कारण वळण कितीतरी आधी समोर येऊन ठाकतं.